एकट्यानं फक्त शिंकावं

आमच्या शाळेची घंटा चौघं मिळून वाजवतात.

घंटा म्हणजे काही देवळातली घंटा नव्हे. कडुलिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा. लोखंडी गजानं ठोकला की टणटण वाजतो. मी आधी मानवतकडच्या शाळेत होते, तिथं हे काम एकच पोरगं धावत जाऊन उरकायचं. इथं एक जण वर्गातल्या घड्याळावर डोळा ठेवून दारात उभा राहतो. दुसरा रूळ हलू नये म्हणून तार धरतो. तिसरा ठोकतो. आणि चौथी पोरगी शाळेच्या पार मागच्या कोपऱ्यात उभी राहून ओरडते, "आलाऽऽ आवाज!" ती ओरडेपर्यंत घंटा झाली असं धरायचं नाही, हा नियम. एकदा ही चौथी पोरगी बोरं वेचायच्या नादात ओरडायचं विसरली, तर ठोकणारा आपला ठोकतोच आहे, ठोकतोच आहे. शेवटी शेतातली माणसं आग लागली समजून बादल्या घेऊन पळत आली.

नियम करणारे आमचे मुख्याध्यापक व्यंकटी सर शांतपणे बाहेर आले आणि त्या माणसांना म्हणाले, "व्वा! गावाचाबी गट झाला की!"

सोनपेठपासून गोदावरीच्या अंगाला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. शिक्षक दोन, व्यंकटी सर आणि मी. तिसऱ्या शांतामावशी, खिचडी शिजवणाऱ्या. मी इथं बदलून आले तेव्हा पहिल्याच दिवशी एकटीनं टेबल उचलून खिडकीपाशी नेत होते. मागून आवाज आला, "ठिवा म्याडम, ठिवा! एकट्यानं फकस्त शिंकावं. बाकी समदं गटात करावं." मला वाटलं, सर मदतीला आले. पण सरांनी टेबलाला हातही लावला नाही. त्यांनी आधी चार पोरं बोलावली, कोण कुठला पाय धरणार ते ठरवलं, एकाला "वाटंत दगड हाय का" बघायला लावलं आणि मग टेबल हललं. तेवढ्या वेळात मी ते तीनदा नेऊन परत आणलं असतं.

माणूस काडीसारखा बारीक. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि पँटच्या खिशात सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. हे तुकडे कायम. सोनपेठला एका खोलीत ते एकटेच राहतात आणि एस.टी.नं ये-जा करतात. लग्न केलेलं नाही. त्याबद्दल शांतामावशींचं म्हणणं असं, की "लग्नाला दोनच माणसं लागत्यात, सरांला चार लागतेत. म्हनून राहून गेलं." हे त्या सरांच्या तोंडावर म्हणतात आणि सर हसून "बरूबर हाय" म्हणतात.

सोनपेठच्या स्टँडवर तर मी डोळ्यांनी पाहिलंय. चहावाल्यानं हातात कप दिला की सर ओळखीचं माणूस शोधत उभे राहतात. कुणी भेटेना, तर चहा गार होतो. शेवटी चहावालाच वैतागून आपला अर्धा कप भरून घेतो आणि म्हणतो, "घ्या सर, झाला गट. प्या आता."

वर्गात मात्र हे सगळं फार रीतसर चालतं. चार-चार पोरांचा एक गट. एक वाचणारा, एक लिहिणारा, एक उत्तर सांगणारा. आणि चौथं पद सगळ्यात मोठं, त्याचं नाव 'कामून'. आमच्या परभणीकडे 'का' म्हणून कुणी विचारत नाही, 'कामून' म्हणतात. तर या चौथ्यानं फक्त 'कामून?' विचारायचं. बाकीच्या तिघांनी त्याला पटेपर्यंत समजावून सांगायचं. त्याला पटलं की तो म्हणणार 'हां'. हा 'हां' आला तरच उत्तर धरलं जातं. उत्तर बरोबर असलं आणि 'हां' आला नसला, तर सर फळ्याकडे बघायलाही तयार नसतात.

चौथीच्या वर्गातली कोमल ही सरांनी आजवर नेमलेल्या सगळ्या कामूनांमधली अव्वल कामून. अंगानं चिमुरडी, एका वेणीची रिबीन कायम सुटलेली. एका गाडीत चोवीस पोती, तर सहा गाड्यांत किती, असं गणित घातलं की तिघं पोरं गुणाकार करून मोकळी व्हायची. कोमल विचारायची, "एवढी पोती न्यायलेत कामून?" मग पोती कुठं चाललीत, मोंढ्याच्या बाजारात चाललीत तर सहाही गाड्या एकदम कामून, रस्त्यात एक गाडी कलंडली तर काय, असं सगळं निघायचं. माझा तास बुडायचा. सर दारातून ऐकत उभे असायचे, चेहऱ्यावर असा आनंद की जणू पोती त्यांच्याच घरी चाललीत.

सरांच्या तंत्रज्ञानाबद्दलही सांगायला हवं. शाळेला लोकवर्गणीतून घेतलेला एक टीव्ही आहे, पण वीज असली तर तो चालणार. त्यामुळं खरी भिस्त सरांच्या मोबाइलवर. स्टूल उलटं करायचं, त्याच्या दोन पायांमध्ये ट्यूब ताणून बांधायची, त्या ट्यूबमध्ये मोबाइल अडकवायचा. झाला कॅमेरा. पोरं त्यावर एकमेकांचं वाचन टिपतात आणि मग गटानं बसून "हितं तू अडखळलास" म्हणत चुका काढतात. आवाज मोठा करायचा छोटा स्पीकर बिघडला, तेव्हा सरांनी मावशींची रिकामी स्टीलची घागर मागून घेतली आणि बोलता मोबाइल तिच्यात सोडला. आवाज असा घुमला की पहिलीतली दोन पोरं रडायला लागली. तेव्हापासून आमच्या शाळेत "घागर लावा" असं म्हणतात. मावशी पाणी कशात भरायचं म्हणून अजून कुरकुरतात. काही बिघडलं की सर खिशातून ट्यूब काढतात आणि म्हणतात, "बनी तो बनी, नहीं तो परभनी हायच."

दिवाळी झाली आणि गावातली टोळी ऊसतोडीला निघाली. दरसाल निघते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळ्या, गोधड्या आणि वर पोरं. मागं ठेवलेल्या पोरांसाठी जेवणाची सोय होते, पण घरात राहायला कुणी म्हातारं माणूस हवं. कोमलची आजी त्याच पावसाळ्यात गेली होती. आणि आईबाप उसाच्या फडात उतरले की धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. तेव्हा कोमल निघाली.

तिचा बाप शाळेत सांगायला आला. म्हणाला, "नाव काढून टाका सर. रिकामं कामून ठिवायलाव?"

सर म्हणाले, "ठिवायला जागा लागत न्हाई. राहू द्या."

तो गेल्यावर सर मला म्हणाले, "म्याडम, दुसरीतिसरीतली पोरगी फडातून परत येती. चौथीतली येत न्हाई. हात कामाला आलेले असतेत. एकदा बसली तिकडं, का पाचवी खल्लास." त्यांना इतकं गंभीर मी पहिल्यांदाच पाहत होते. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला शेजारच्या गावात नाव घालावं लागतं, आणि घरी बसलेल्या पोरीचं नाव पुढच्या गावात कोण घालणार?

मी म्हटलं, "मग त्या गटाला दुसरा कामून देऊ या."

सर म्हणाले, "जागा रिकामी न्हाई. मानूस लांब बसलंय."

आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला तो प्रकार मी आयुष्यात विसरणार नाही. सकाळी त्या गटाची तीन पोरं आपलं उत्तर मोबाइलमध्ये बोलून कोमलच्या बापाच्या फोनवर पाठवायची. पाठवताना अख्खा वर्ग मागून आपापलं काही ना काही ओरडायचा. संध्याकाळी बाप फडातून आला की कोमल ते ऐकायची आणि जबाब पाठवायची. सकाळी घागर लावली जायची. आम्ही सगळे घागरीभोवती वाकून उभे. आधी ट्रॅक्टरची फटफट, मग कुत्रं, मग धाकट्याचं रडणं, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग घागरीच्या तळातून कोमल: "कामून?"

पोरं टाळ्या वाजवायची. मी मात्र कपाळावर हात मारायची. कारण आता कामूनचं उत्तर पाठवायचं, त्यावर आणखी एक कामून यायचा, आणि 'हां' उगवायचा तिसऱ्या दिवशी. इतर गट भागाकारावर गेले, हा गट अजून त्या पोत्यांपाशी. मी सरांना म्हटलं, "सर, अशानं वर्ष संपेल." सर म्हणाले, "संपू द्या ना. वर्षाला काय, दुसरं येतंय."

त्यातच आमचे केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले. कडक इस्त्रीचे, घाईतले. आले ते थेट नेमके त्याच गटापाशी. "सांगा रे, ओले कपडे उन्हात का वाळतात?" पोरांनी डोकी एकत्र केली, कुजबुजली आणि उत्तर सांगणारा उभा राहिला. "साहेब, उद्या सांगतो."

"उद्या? आता येत नाही?"

"येतंय साहेब. पर कोमलचा हां यायचाय."

"कोण कोमल? कुठाय?"

पोरांनी एका सुरात घागरीकडे बोट दाखवलं.

साहेबांनी घागरीत डोकावून पाहिलं. खरंच पाहिलं. मग सरळ होऊन व्यंकटी सरांना म्हणाले, "सर, ही मुलगी गैरहजर आहे."

"गैरहजर न्हाई साहेब, लांब बसलीय," सर म्हणाले. "फिकीर करू नका. सकाळी या, उत्तर भेटंल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "साहेब, खिचडी खाता का?" आणि तपासणी तिथंच आटोपली.

पुढं एके दिवशी घागर मुकी राहिली. दुसऱ्या दिवशीही. सर निरोप पाठवायचे, पण त्याखाली बरोबरची एकच खूण उमटायची. म्हणजे तिकडचा फोन बंद. पोरं रोज घागर लावायची, वाकायची आणि परत जागेवर जाऊन बसायची. त्या गटाची उत्तरं तशीच लटकून राहिली. सरांनी टोळीतल्या दुसऱ्या कुणाला फोन लावला, तर "हायत बगा तिकडच्या कोप्यांत, भेटले तर सांगतो," एवढंच. कोप्या म्हणजे ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपड्या. सरांचं खिचडीवरचं लक्ष उडालं. मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर ताटात नुस्ती बोटं फिरवायलेत."

शुक्रवारी सर माझ्यापाशी येऊन घोटाळत उभे राहिले. म्हणाले, "म्याडम, आयतवारी मोकळ्या हाव का? एक गट करायचा होता."

रविवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही निघालो. व्यंकटी सर, मी आणि शांतामावशी. मावशींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. गाडी स्टँडमधून बाहेर पडायच्या आत सरांनी कामं वाटून दिली. मावशींनी खिडकीतून पाट्या बघायच्या, सरांनी तिकिटं सांभाळायची. मावशींना वाचता येत नाही हे सरांना ठाऊक होतं, पण त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि वाटप जागेनुसार झालं होतं. मला म्हणाले, "तुमी कामून." मी लगेच विचारलं, "सर, आपण एवढ्या लांब चाललोय कामून?" सर हसले नाहीत. "पोरगी तुटायलीय म्हनून," म्हणाले आणि तिकिटं नीट घडी घालून खिशात ठेवली.

दोन गाड्या बदलून दुपारी पोचलो. उसाच्या कडेला कोप्यांची ओळ होती. कोमल दारात बसून भावाला भाकरीचा तुकडा भरवत होती. आम्हाला पाहिलं आणि ताडकन उठून, भावाला काखेत मारून ती कोपीत पळाली. सर बाहेरच उभे. किती उत्साहानं आले होते! मोबाइलमध्ये सगळ्या वर्गाचा 'कोमल, लवकर ये' असा गलका भरून आणला होता. मोबाइल हातातच होता.

तेवढ्यात तिची आई, सुमनबाई, डोक्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन आली. भारा टाकला, तोंडावरचा घाम पुसला, आम्हाला बसायला पोतं अंथरलं. सर म्हणाले, "फोन बिघडला वाटतं तुमचा. आना इकडं, बंदोबस्त करतो." आणि त्यांचा हात खिशातल्या ट्यूबकडे गेला.

"फोन न्हाई बिघडला सर," सुमनबाई म्हणाली. "म्याच बंद केला."

सरांचा हात खिशातच राहिला.

"तुमचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या फोनात समद्या पोरायचा गलका यायचा. कोन हासायलंय, कोन भांडायलंय, मावशी वाढायलीय. ही पोरगी त्याला कान लावून बसायची. पुन्यांदा पुन्यांदा ऐकायची. आन् मग जेवायची न्हाई. पाचटात तोंड खुपसून रडायची. दिसभर लेकरू सांभाळती, पानी आनती, काई म्हनत न्हाई. पर तुमचा फोन आला का गेली." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "तिला हितं ठिवू का तिथं ठिवू, सांगा. दोन्हीकडं कसं ठिवू?"

आम्ही तिकडं टाळ्या वाजवत होतो. इतका गाजावाजा केला, पण ऐकणारीचं काय होतं हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. 'बंदोबस्त करू' हे सरांच्या तोंडून अशा वेळी हमखास निघतं. ते निघालं नाही. त्यांनी मोबाइल बंद केला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून दिला.

मावशींनी दशम्यांचं गाठोडं सोडलं. वासानं असेल किंवा आम्ही गप्प झालो म्हणून असेल, कोमल दाराशी आली. भाऊ काखेतच. म्हणाली, "आई, सरांचा चालंल. पोरांचा नको."

"काय गं?"

"आवाज. सरांचा एकट्याचा चालंल."

सुमनबाईनं लेकीकडे पाहिलं, मग सरांकडे. "बगा मग सर. तुमी एकट्यानं बोलनार असला, तर ठिवते चालू."

मी आणि मावशींनी एकमेकींकडे पाहिलं. मांजराला एकादशी धरायला सांगावी तसला हा प्रकार होता. सर मात्र लगेच म्हणाले, "बोलतो. एकटाच बोलतो."

निघताना मावशी सुमनबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फुडल्या साली पोरीला माझ्याकडं सोड. माझं घर रिकामंच हाय." सुमनबाई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "बगू," म्हणाली.

परतीच्या गाडीत सरांनी कामं वाटली नाहीत. तिकिटं माझ्याच हातात राहिली. बऱ्याच वेळानं, खिडकीबाहेर बघतच ते बोलायला लागले. "आमी दोघं भैनभाऊ. ती थोरली. माझ्यापरीस लय हुशार. आमच्या दोघात एकच पाटी, ती लिवायची आन् मी पुसायचो. मग टोळी निघाली. बाप म्हनला, दोघातलं एक शाळंत राहू द्या, एक संगं घ्या. मी पोरगा. मी राह्यलो." मग म्हणाले, "तिला कुनीच इचारलं न्हाई, म्याडम. मीबी न्हाई. मला वाटलं, बरं झालं, पाटी माझी झाली. लहान होतो. ती पुन्हा शाळंत आली न्हाई. जल्मभर कोयता धरला तिनं. आता तीबी न्हाई."

मावशींनी आपल्या हातातली उरलेली दशमी सरांपुढं केली. सरांनी ती घेतली आणि तीन तुकडे केले.

त्यानंतर सरांची रोजची गाडी चुकायला लागली. शाळा सुटून पोरं गेली, मी गेले, तरी सर मागं राहायचे आणि शेवटच्या गाडीनं सोनपेठला जायचे. एकदा मी डबा विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. वर्गाच्या खिडक्या आतून लावलेल्या. गल्लीतल्या पोरांचा आवाज आत येऊ नये म्हणून. मावशींना ताकीद होती की भांडी सकाळी घासायची. आतून सरांचा आवाज येत होता. हळू, जरा अवघडलेला, अनोळखी घरी पाहुणा बोलतो तसा. "कोमल, आज आपन चंद्राचा धडा घेऊ. चंद्राला सोताचा उजेड न्हाई." एवढं बोलून ते थांबले. मला वाटलं, विसरले. पण ते विसरले नव्हते. ते तिच्या 'कामून'साठी जागा सोडत होते. तेवढा वेळ रिकाम्या वर्गात गप्प बसून मग म्हणाले, "सांगतो, कामून ते."

मी डबा न घेताच परत फिरले. ज्या माणसाला चहाचा घोट एकट्यानं घशाखाली जात नाही, तो बंद खोलीत एकटाच बोलत बसला होता, तेही रोज. मला भरून आलं, आणि रस्ताभर मी त्यांची आजवर जेवढी चेष्टा केली होती तेवढीच त्यांच्यावर माया करत गेले. दुसऱ्या दिवशी अर्थात चेष्टा पुन्हा सुरू केली. त्याशिवाय त्यांना करमत नाही.

तिकडून जबाब कधी यायचा, कधी नाही. खुणा मात्र रोज दोन उमटायच्या, म्हणजे तिकडचा फोन चालू. सर तेवढ्या बघायचे आणि कामाला लागायचे.

ऊन तापायला लागलं, कारखाने बंद झाले आणि टोळी गावात आली. वार्षिक परीक्षा तोंडावर होती. सर त्या सकाळी तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. विचारलं तर म्हणाले, "घंटीचा आवाज कुठवर येतोय ते बगायलोय."

प्रार्थना झाली, पोरं वर्गात बसली, आणि दारात कोमल उभी. उन्हानं काळवंडलेली, थोडी उंच झालेली. गटातल्या तिघांनी काही न बोलता सरकून जागा केली. ती बसली. मी सरांना हाक मारणार तेवढ्यात मागून सुमनबाई आली आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. धाकटा तिचं बोट धरून, आता चालायला लागलेला.

"सर, ह्याला पुढल्या साली टोळीतल्या म्हातारीपाशी ठिवीन," ती म्हणाली. "कोमलला मावशीकडं सोडते. पाचवीचं काय ते तुमी बगा."

सरांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, बाई आता जाईल. पण ती गेली नाही. पदर तोंडाशी धरून जरा वेळ घुटमळली. मग म्हणाली, "आजूक एक इचारायचं होतं. कोमल ऐकायची तवा मीबी भाकरी करता करता ऐकायची. तुमी म्हनला, चंद्राला सोताचा उजेड न्हाई, सूर्याचाच हाय. आमी तर पहाटं चांदन्यात ऊस तोडतो. तवा सूर्य कुठं असतोय? तो बुडाल्यावर चंद्राला उजेड देतोय कसा?"

कोमलच्या गटातल्या एकानं चेंडू काढला, दुसऱ्यानं लिंबू. कोमल आईकडे बघत म्हणाली, "ये ना आत. दाखवतो तुला."

"पाय धुळीचे हायत माझे."

"आमचेबी हायत," पोरं म्हणाली.

सुमनबाई आत आली. चप्पल दाराशी काढली आणि लेकीशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसली. पाच जणांचा गट आमच्या शाळेत त्याआधी कधी झाला नव्हता आणि सर तो होऊ देतील असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पोरांनी तिच्या हातात लिंबू दिलं, म्हणाली, "हा तुमचा चंद्र, घट्ट धरा." तिनं कोयत्यानं घट्टे पडलेल्या हातात ते जपून धरलं.

आपली थोरली बहीणच वर्गात येऊन बसलीय असं सरांना वाटलं असणार, मला खात्री आहे. मी वळून पाहिलं. व्यंकटी सर खडू हातात घेऊन फळ्याकडे तोंड करून उभे होते, आणि फळ्यावर काहीच लिहीत नव्हते.